शस्त्राच्या दोनच जागा: कंबर आणि कुलूप
नेर तालुक्यातील शस्त्र परवानाधारकांना आणि त्यांच्या घरच्यांना जाहीर आवाहन

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा मुंबईत जुहूच्या घरी कोलकात्याला निघायच्या गडबडीत होता. परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटले, खाली पडले आणि सुटलेली गोळी त्याच्याच डाव्या पायात गुडघ्याखाली शिरली. शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. परवाना खरा, शस्त्र स्वतःचे, घरात चोर नाही की दरोडेखोर नाही. घाई होती आणि भरलेली चक्री होती, तेवढे पुरले.

अशी घाईची सकाळ नेरमध्येही रोजचीच आहे. यवतमाळची गाडी गाठायची असते, अमरावतीला तारीख असते, कापसाच्या हंगामात रोकड घेऊन निघायचे असते. सराफ, धान्याचा व्यापारी, पेट्रोल पंपाचा मालक, निवृत्त फौजी, पुढारी अशा ज्या मंडळींनी जिवाला धोका म्हणून परवाना घेतला आहे, त्यांच्यासाठी हे आवाहन आहे. त्यांच्या घरच्यांनी तर ते आधी वाचावे, कारण चुकून सुटलेली गोळी अनेकदा घरातल्याच माणसाच्या वाट्याला येते.

कायदा काय म्हणतो, हे परवाना खिशात असलेल्यांतही फार थोड्यांना ठाऊक असते. शस्त्र नियम २०१६ मधल्या नियम ३२ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर नेताना ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच योग्य पिशवीत असले पाहिजे, पूर्ण झाकलेले असले पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा राहिला पाहिजे. ते उगारणे किंवा नाचवणे याला सक्त मनाई आहे. म्हणजे शर्टाचे टोक मुद्दाम वर करून चहाच्या टपरीवर बसणारा माणूस रुबाब दाखवत नसतो, परवाना गमावण्याची सोय करत असतो.

मराठवाड्यात हे घडून गेले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यातले शस्त्र परवाने चर्चेत आले. एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने निघाले, हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ फिरले, गुन्हे दाखल झाले आणि प्रशासनाने शेकडो परवान्यांवर गदा आणली. शस्त्र कायद्यातल्या डिसेंबर २०१९ पासून लागू असलेल्या दुरुस्तीनुसार लग्नात, मिरवणुकीत किंवा कसल्याही आनंदात इतरांच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि ती कुठल्या गच्चीवर पडेल हे वरातीतल्या कुणालाच सांगता येत नाही.

आता रोजच्या सवयींकडे वळू. नागरिकांकडे सहसा .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असते. अनेकजण ते नुसते पँटमध्ये खोचतात किंवा किल्ल्या आणि मोबाइलसोबत खिशात टाकतात. खिशातली किल्ली चापात अडकली की पुढचे सांगायला नको. होल्स्टर कडक, त्याच शस्त्राच्या मापाचे आणि चाप पूर्ण झाकणारे असावे. कापडी, ढिले, भलत्याच मापाचे होल्स्टर काय कामाचे! पट्टाही जाड हवा, नाहीतर वजनाने तो खाली ओढला जातो आणि माणूस दर पाच मिनिटांनी हात लावून चाचपत राहतो. या चाचपण्याने झाकलेले शस्त्रही सगळ्या बाजाराला कळते.

शस्त्र होल्स्टरमध्ये ठेवताना सर्वांत जास्त जपावे. बोट चापाबाहेर, नळी जमिनीकडे, नजर होल्स्टरच्या तोंडावर. शर्टाचे टोक किंवा जाकिटाची दोरी आत जात नाही ना, हे बघूनच सावकाश आत सारावे. काढताना कितीही घाई असली तरी ठेवताना कुणी घड्याळ लावून बसलेले नसते. हातातून निसटले, तर झेलायला जाऊ नये. झेलताना बोट नेमके चापात शिरते. पडू द्यावे, मग उचलावे.

पिस्तूल रिकामे करताना क्रम चुकला तर घात होतो. आधी मॅगझिन काढायची, मग स्लाइड मागे ओढून नळीतली गोळी बाहेर काढायची, मग डोळ्यांनी आणि करंगळीने आत काही उरले नाही याची खात्री करायची. आधी स्लाइड ओढली आणि मॅगझिन नंतर काढली, तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी गुपचूप आत जाऊन बसते. ‘रिकामेच आहे’ म्हणत घडलेल्या अपघातांमागे पुष्कळदा ही एक गोळी असते. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळी. घोड्यावर आघात झाला तर तो खालच्या काडतुसावर आदळू शकतो. नव्या बनावटीत मध्ये अडसर असतो. वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळचे शस्त्र असेल, तर घोड्याखालचे घर रिकामे ठेवावे आणि परवानाधारक कारागिराकडून ते एकदा तपासून घ्यावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात कमरेचा घाम चामड्यात मुरतो आणि गंज धरतो, म्हणून आठवड्याला पुसणे आलेच.

दारू प्यायची असेल त्या दिवशी शस्त्र घरी कुलपात. यात वाटाघाट नाही. मोटारसायकलच्या डिक्कीत, गाडीच्या सीटखाली किंवा हॉटेलच्या उशीखाली ते सोडून जाऊ नये. शौचालयात पँट सैल करताना होल्स्टरसकट ताब्यात ठेवावे. फ्लशच्या टाकीवर ठेवून विसरणारे महाभाग जगभर सापडतात.

शस्त्र कमरेवरून उतरले की थेट कुलपात जावे. टीव्हीवर, फ्रिजवर, गादीखाली, देव्हाऱ्यामागे या जागा मुलांना आपल्याआधी ठाऊक असतात. काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत आणि किल्ली फक्त परवानाधारकाकडे असावी. नोकर, चालक, जिवलग मित्र यांपैकी कुणाकडेही नको. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या पिस्तुलाचा परवाना पोलीस तपासानुसार मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता. परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा, आणि अंगरक्षकालाही अटक झाली.

आणखी एक गोष्ट, शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तरी, दबक्या आवाजात बोलू नये. घरात कुणी कर्जाच्या, आजाराच्या किंवा भांडणाच्या ताणाखाली असेल, झोप उडाली असेल, ‘आता संपवतो’ असे शब्द निघत असतील, तर शस्त्र त्याच दिवशी घराबाहेर गेले पाहिजे. निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करायची सवय परवानाधारकांना आहेच. तसेच ते एरवीही ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवता येते. यासाठी पुढाकार बायकोने, मुलाने, भावाने घ्यावा. त्यात कसला आला कमीपणा?

देशी कट्ट्याबद्दल फार लिहायची गरज नाही. तो बाळगणे गुन्हा आहे, आणि पाइप कापून बनवलेली ती नळी बाळगणाऱ्याच्या हातातही फुटते.

नेर तालुक्यातल्या प्रत्येक परवानाधारकाने या आठवड्यात वेळ काढून परवान्याची मुदत, त्यावरचा यूआयएन म्हणजे विशिष्ट ओळख क्रमांक आणि तो किती क्षेत्रापुरता वैध आहे हे तपासावे. मुदत पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात जायला हवा. त्याच दिवशी कपाटाला नीट कुलूप बसवावे, होल्स्टर तपासावे. आणि ज्यांना मनातून वाटते की आपल्याला आता या शस्त्राची गरज उरलेली नाही, त्यांनी ते रीतसर जमा करून परवाना परत करावा.