तारण काय?

आमच्या नातवाची घोर निराशा झाली. 'आज डिस्नेचं म्युझियम बघायला जायचंय' असं त्याला सांगितलं होतं. सात वर्षांच्या पोरानं त्यातलं 'डिस्ने' तेवढं ऐकलं आणि गाडीतून उतरल्याबरोबर तो गरगर फिरणारे पाळणे शोधू लागला. समोर उभी होती लाल विटांची, लांबलचक, शिस्तशीर अशी जुनी इमारत. एके काळची सैनिकांची बरॅक. "आजोबा, ही तर शाळा आहे!" तो रडवेला होऊन म्हणाला. आमची सौभाग्यवती त्याची समजूत काढत आत गेली आणि मी मागोमाग.

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तर टोकाला प्रेसिडिओ नावाचा विस्तीर्ण, झाडीचा भाग आहे. १७७६ साली स्पॅनिश लोकांनी तिथे लष्करी ठाणं वसवलं. पुढे तिथे अमेरिकन लष्कर आलं. १९९४ साली लष्कर हललं आणि त्या जागेचं राष्ट्रीय उद्यान झालं. तिथल्या एका बरॅकीत २००९च्या ऑक्टोबरात 'वॉल्ट डिस्ने फॅमिली म्युझियम' सुरू झालं. ते डिस्ने कंपनीचं नाही, ही गोष्ट आधीच सांगायला हवी. वॉल्टची थोरली मुलगी डायान डिस्ने मिलर हिनं ते उभं केलं. 'डिस्ने' हे एका हाडामांसाच्या माणसाचं नाव होतं, हेच नव्या मुलांना ठाऊक नाही, अशी तिची खंत होती. २०१३ साली ती गेली. बापाची गोष्ट मात्र मार्गी लावून गेली.

लेकीनं तिकिटं काढली होती नातवासाठी, पण ते संग्रहालय मन लावून पाहिलं ते मीच. त्याचं कारण माझी जुनी नोकरी. ज्याची उमेदीची वर्षं बँकेच्या कर्जविभागात गेली, तो माणूस कुठेही गेला तरी समोरच्या गोष्टीची फाइल करून वाचतो. इतर लोक मिकी माऊसची सुरुवातीची चित्रं पाहून हरखत होते. मी मनातल्या मनात वॉल्ट डिस्नेच्या कर्जअर्जाची छाननी करत होतो.

ती फाइल कशी होती ते पाहा. अर्जदाराचा जन्म १९०१चा, शिकागोचा. बालपण मिसुरी राज्यातल्या मार्सेलिन या लहानशा गावी. शिक्षण अर्धवट. ॲनिमेशनचं ज्ञान कॅन्सस सिटीच्या सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकांवरून मिळवलेलं. विसाव्या वर्षी 'लाफ-ओ-ग्राम' नावाची कंपनी १९२२ साली काढली आणि १९२३ साली तिचं दिवाळं वाजलं. मग हॉलिवूडला प्रयाण. तिथे रॉबर्टकाकांकडून पाचशे डॉलर उसने. भागीदार कोण, तर थोरला भाऊ रॉय. तो क्षयानं आजारी, माजी सैनिकांच्या इस्पितळात पडलेला. त्यातल्या त्यात जमेची बाजू एवढीच, की हा रॉय पूर्वी कॅन्सस सिटीत बँकेत कारकून होता!

पुढे दोघा भावांचा जम बसतो. 'ओस्वाल्ड' नावाचा ससा लोकप्रिय होतो. १९२८ साली वॉल्ट न्यूयॉर्कला जातो तो मोबदला वाढवून मागायला. तिथे त्याला कळतं, की सशाचे हक्क आपले नाहीतच. शिवाय आपले बहुतेक चित्रकारही वितरकानं परस्पर करारात बांधून घेतलेत. म्हणजे मालही गेला आणि कारागीरही गेले. सोबत राहिला तो अब आयवर्क्स हा जुना मित्र. त्याच्या हातून मिकी माऊस कागदावर उतरला आणि १८ नोव्हेंबर १९२८ रोजी 'स्टीमबोट विली' हा बोलका व्यंगपट न्यूयॉर्कला झळकला. सगळं जग वॉल्टचं नाव घेतं, पण त्या उंदराच्या रेघा आयवर्क्सच्या हातच्या होत्या.

खरी परीक्षा पुढेच होती. १९३४च्या सुमारास वॉल्टनं पूर्ण लांबीचा व्यंगपट करायचं ठरवलं. तोपर्यंत कार्टून म्हणजे मुख्य चित्रपटाआधीची सात-आठ मिनिटांची करमणूक. दीड तास रेघांची माणसं कोण बघत बसणार? हॉलिवूडमधले लोक त्याला 'डिस्नेचा वेडेपणा' म्हणू लागले. खर्च वाढत वाढत पंधरा लाख डॉलरच्या घरात गेला. वॉल्टनं घर गहाण टाकलं. संग्रहालयात मल्टिप्लेन कॅमेऱ्याचं दोन मजली उंच धूड उभं आहे. काचांचे थर एकावर एक, प्रत्येक थरावर वेगळं चित्र आणि सगळ्यात वर खाली बघणारा कॅमेरा. थर वेगवेगळ्या गतीनं सरकवले, की सपाट चित्रात जंगलाची खोली दिसू लागते. त्या यंत्राकडे पाहताना माझ्या मनात आलं, हे सगळं तारण म्हणून कोण धरील? चित्रपट चालला नाही, तर हे भंगार विकत कोण घेईल?

बँक ऑफ अमेरिकेतला जो रोझेनबर्ग नावाचा अधिकारी हे कर्ज सांभाळत होता. पैसे पुन्हा कमी पडले तेव्हा त्याला अपुरा चित्रपट दाखवावा, असं रॉयनं सुचवलं. वॉल्टच्या जिवावर आलं. कुठे रंगीत प्रसंग, कुठे नुसत्या पेन्सिलीच्या रेघा, आवाज नाहीत. मधल्या गाळलेल्या जागा वॉल्टनं स्वतः सोंगं करून भरल्या. रोझेनबर्ग बाहेर आला, हवापाण्याचं बोलला, गाडीपाशी गेला आणि जाता जाता म्हणाला, की हे चित्र चिक्कार पैसा मिळवणार. वॉल्ट पुढे हा किस्सा रंगवून सांगत असे. कर्ज मिळालं. आपण ज्याला 'हिमगौरी आणि सात बुटके' म्हणतो, तो चित्रपट २१ डिसेंबर १९३७ रोजी प्रकाशित झाला. पहिल्याच फेरीत त्यानं सुमारे ऐंशी लाख डॉलर मिळवले. त्याबद्दल वॉल्टला मिळालेलं खास ऑस्कर दर्शनी दालनात आहे. एक मोठी बाहुली आणि शेजारी उतरत्या ओळीत सात छोट्या.

संग्रहालयाच्या एका काचेच्या सज्जातून गोल्डन गेट पूल दिसतो. तोही १९३७चाच. मंदीच्या काळात त्याचे रोखे घ्यायला कोणी धजत नव्हतं, तेव्हा १९३२ साली याच बँकेनं ते घेतले होते. नातू पुलावरच्या गाड्या मोजत होता. मी तिथल्या बाकावर बसलो आणि मला आमच्या शाखेतला एक दिवस आठवला.

साल १९८९. तालुक्याचं गाव, मी शाखाधिकारी. एक तरुण चित्रकला शिक्षक बारा हजारांच्या कर्जाचा अर्ज घेऊन आला. त्याला जुना सोळा मिलिमीटरचा कॅमेरा घ्यायचा होता. जिल्ह्यातल्या टॉकीजसाठी हलत्या चित्रांच्या जाहिराती करायच्या होत्या. प्रोजेक्ट रिपोर्टऐवजी त्यानं शंभर पानी वही पुढे केली आणि अंगठ्यानं पानांची कड सोडत गेला. कोपऱ्यातला पैलवान शड्डू ठोकून उभा राहिला, आपटला, उठला, पुन्हा शड्डू ठोकला. मी दोनदा पाहिलं. कॅशियरला हाक मारून त्यालाही दाखवलं. आम्ही मनापासून हसलो. मग मी विचारलं, "तारण काय?" त्यानं वहीकडे पाहिलं आणि गप्प बसला. 'पुरेशा तारणाअभावी अर्ज नामंजूर' असा शेरा मी माझ्या वळणदार अक्षरात मारला. तो पुन्हा बँकेत आला नाही.

नियमानं मी चुकलो नव्हतो. पण एक गोष्ट अजून डाचते. म्हशीसाठी कर्ज असलं, की आम्ही गोठ्यात जाऊन म्हैस बघायचो, तिच्या कानातला बिल्ला तपासायचो, शेजाऱ्याला दूध विचारायचो. त्या मास्तराच्या खोलीवर मात्र मी गेलो नाही. आणखी किती वह्या होत्या, टॉकीजवाल्यांशी त्याचं बोलणं झालं होतं का, हे विचारलंही नाही. गेलो असतो तरी कदाचित नकारच दिला असता. पण तो बघून दिलेला नकार झाला असता. त्या वर्षी तारण घेऊन दिलेली किती कर्जं पुढे थकली, त्याचे आकडे मला अजून पाठ आहेत!

आपल्याकडेही एक रोझेनबर्ग होऊन गेला, हे आपण विसरतो. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले. यंत्रसामग्री घेऊन परतले, तरी चित्रपटाला भांडवल नव्हतं. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याचं एकेक चित्र टिपत राहिले. पडद्यावर ते रोप बघता बघता कोंबातून वर आलं. ते पाहून यशवंतराव नाडकर्णींनी पैसे दिले. सरस्वतीबाईंचे दागिने गेले ते वेगळेच. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे याच फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवून 'आगकाड्यांची मौज' केली. तेव्हा वॉल्ट डिस्ने शाळकरी पोर होता. १९४४ साली दादासाहेब नाशकात गेले ते हलाखीत. वाटाण्याचं रोप पाहून पैसे देणारा पहिला माणूस भेटला, पण रॉयसारखा जन्मभर हिशेब सांभाळणारा कोणी त्यांना लाभला नाही.

अर्थात प्रत्येक स्वप्नाळू माणसाला पैसे द्यावेत, असं मी म्हणणार नाही. कॅन्सस सिटीत वॉल्टच्या कंपनीत ज्यांनी पैसे घातले, ते बुडालेच. 'हिमगौरी'च्या यशानंतर १९४० साली आलेले 'पिनोकिओ' आणि 'फँटेशिया' महायुद्धानं युरोपची बाजारपेठ बंद केल्यामुळे तोट्यात गेले आणि कंपनी पुन्हा कर्जात बुडाली. १९४१ साली चित्रकारांनी संप केला. तेव्हा आपल्याच माणसांशी वॉल्ट कटुतेनं वागला. मुलीनं उभारलेल्या या संग्रहालयात तो संप लपवलेला नाही, हे मला आवडलं. रोझेनबर्गनं तरी डोळे मिटून कुठे कर्ज दिलं? त्यानं डोळे उघडे ठेवून, अंधारात बसून, अर्धवट काम पाहिलं. त्याचं मोठेपण तेवढंच आहे आणि ते पुरेसं आहे.

आज तारणाशिवाय छोटी कर्जं मिळतात. २०१५ पासून मुद्रा योजना आहे. पण मला काळजी आहे ती बँकांपेक्षा घरांची. घरोघरी आपण सगळेच शाखाधिकारी होऊन बसलो आहोत. मुलगी म्हणते, मला चित्रं काढायची आहेत. मुलगा म्हणतो, मला तबला शिकायचाय. आपण वही उघडण्याआधीच विचारतो, 'पुढे काय? त्यात पैसे किती?' प्रश्न रास्त आहे. संसार त्याच प्रश्नावर चालतो. पण तो दुसरा प्रश्न असावा. पहिल्यांदा म्हणावं, 'दाखव बघू.' तासभर बसून पाहावं, समजलं नाही तर जाणकाराला दाखवावं आणि मग हो किंवा नाही म्हणावं. बघून म्हटलेलं 'नाही' मुलं पचवतात. न बघता म्हटलेलं त्यांच्या मनात राहतं.

शेवटच्या दालनात वॉल्टच्या निधनाची, १५ डिसेंबर १९६६ची, कात्रणं आणि व्यंगचित्रं आहेत. भाऊ गेल्यावर रॉयनं निवृत्ती पुढे ढकलली आणि फ्लॉरिडातलं अपुरं काम पूर्ण केलं. त्या उद्यानाला नुसतं 'डिस्ने' नव्हे, 'वॉल्ट डिस्ने' हे पूर्ण नाव असावं, असा आग्रह धरला. १९७१च्या ऑक्टोबरात ते उघडलं आणि त्याच डिसेंबरात रॉय गेला.

बाहेर पडताना नातू खुशीत होता. डिस्नेलँडच्या भल्यामोठ्या प्रतिकृतीनं आणि वॉल्टच्या अंगणातल्या छोट्या आगगाडीनं त्याची निराशा पार घालवली होती. गाडीत बसल्यावर त्यानं आईची वही घेतली, काहीतरी गिरवलं आणि झाकून ठेवलं. सवयीनं मी विचारणार होतो, "कशाला कागद खराब करतोस?" जीभ आवरली आणि म्हटलं, "दाखव बघू."