अण्णा, आधी पावती द्या

 आधीच सांगून टाकतो. आमच्या प्रभागाचे नगरसेवक, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं, ते शाळेत मला दोन वर्षं पुढे होते. माझ्या साप्ताहिकाच्या दिवाळी अंकात त्यांची जाहिरातही असते. तेव्हा 'विरोधकांनी लिहून घेतलं' असं कुणी म्हणू नये, आणि 'पाकीट पोचलं' असंही म्हणू नये.

जवळपास चार वर्षं नगरपरिषदेत प्रशासक होता. नाली तुंबली तर कुणाला फोन करायचा, हेच लोक विसरून गेले होते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत अण्णा निवडून आले आणि लगेच दोन कामांच्या मागे लागले. एक म्हणजे मेन रोडची जुनी पेठ सुधारणं. दुसरं, पडून असलेल्या जुन्या शाळेत गावाचं संग्रहालय उभं करणं.

पेठेचं काम चांगलं चाललंय, हे मान्य करावं लागेल. आपल्याकडे आधी पेव्हर ब्लॉक बसवतात, फोटो काढतात आणि मग पाइपलाइनसाठी तेच उकरतात. अण्णांनी आधी नाली करायला लावली. रात्री अकरा वाजता ठेकेदाराच्या माणसांजवळ उभे असलेले मी स्वतः पाहिलेत.

संग्रहालयासाठी तर माणूस दारोदार फिरला. कुणी हाली शिक्क्याची नाणी काढून दिली, कुणी मोडीतले कागद, कुणी लाकडी पायली. एका घरातून किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये वापरलेला कंदील आला. निजामाचं राज्य आणि १९९३ चा भूकंप, आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या माणसाला या दोन गोष्टी वगळून स्वतःची ओळख सांगताच येत नाही. मीही आजोबांचा शाळेचा दाखला दिला. उर्दूत आहे, सन १३४७ फसली, म्हणजे साधारण १९३७. घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, "पावती घेतलीस का रे?"

नाही घेतली. कुणीच घेतली नाही, कारण पावतीपुस्तकच नाही. वस्तू कुठून आली, कुणी दिली, दान दिली की ठेवायला दिली, याचं रजिस्टर नाही. सगळं अण्णांच्या डोक्यात आणि त्यांच्या मोबाइलमधल्या फोटोंत आहे. शंभर वर्षांवरच्या वस्तू, आणि ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं-कागद असले तर पंचाहत्तर वर्षांवरचे, १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. उद्या एखादं नाणं गेलं तर पोलिसांत तक्रार तरी कशाच्या आधारावर द्यायची?

तेर आपल्यापासून लांब नाही. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, पांढरीत सापडणारं तगर नगरीचं वैभव आयुष्यभर गोळा केलं. लोकांना तेव्हा ती खापरंच वाटली असतील. पण आज ते सगळं शासनाच्या संग्रहालयात आहे, त्यांच्याच नावाने. पुण्याच्या दिनकर केळकरांनीही आपला संग्रह १९७५ साली राज्य सरकारच्या हवाली केला. वेड एकट्या माणसाचं असतं, चालेल. पण त्यांच्या माघारी वस्तू टिकल्या त्या कुणाच्या तरी ताब्यात रीतसर गेल्या म्हणून. अण्णांची मुदत पाच वर्षांची आहे. पुढच्या वेळी वॉर्डाचं आरक्षण बदललं तर? त्या शाळेला कुलूप लागेल आणि किल्ली कुणाकडे आहे हे शोधत आपण फिरू.

पेठेचीही तीच गत. चौकात सुशोभीकरणाचं मोठं चित्र लावलंय. त्यात झाडं आहेत, नक्षीचे दिवे आहेत, बाकावर बसलेलं जोडपं आहे. भाजी विकणारी एकही बाई नाही! खरं तर आठवडी बाजार सोडला तर पेठेत रोजची गर्दी होते ती याच मावश्यांमुळे. अण्णा त्यांना सांगतात, "मी आहे ना, तुम्हाला कोण उठवतंय." त्यांच्या मनात खोट नाही, मला माहितीय. पण २०१४ चा पथविक्रेता कायदा असं सांगतो की सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हलवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच हवेत. मावश्यांच्या हातात प्रमाणपत्र द्या ना. मग अण्णा असोत नसोत, त्यांची जागा शाबूत राहील.

अण्णा, तुम्ही फोन करून 'लिहायच्या आधी बोलायचं होतं' म्हणाल. दोनदा बोललो होतो, दोन्ही वेळा तुम्ही चहा पाजलात. आता जाहीर मागतो. येत्या सर्वसाधारण सभेत संग्रहालयाचा ठराव घ्या, अंदाजपत्रकात त्याचं वेगळं शीर्ष आणि एका माणसाचा पगार धरा. विक्रेत्यांचं सर्वेक्षण दिव्यांच्या टेंडरआधी करा. वस्तूंची नोंद करायला चार पोरं लागत असतील तर मी जमवतो, शनिवार-रविवार स्वतः येऊन बसतो.

आणि पहिली पावती माझ्या आईच्या नावाने करा. ती अजून रोज विचारते.