मारामारीचा चित्रपट आणि प्रेक्षकाची साक्ष

परवा मधल्या सुट्टीत नववीतील चारपाच विद्यार्थी एका चित्रपटावरून हमरीतुमरीवर आलेले दिसले. चित्रपट कुंग-फूचा होता. त्याचे नाव कोणास धड सांगता येईना. मग नटांची नावे दूरच राहिली. एकाचे म्हणणे, इतके भिकार चित्र आपण जन्मात पाहिले नाही. दुसऱ्याच्या मते त्याच्या तोडीचे दुसरे झालेच नाही. मी सहज विचारले, "बाबांनो, तुम्ही त्यात पाहिले काय, तेवढे सांगा." तेव्हा उलगडा झाला तो असा : पहिल्याने आरंभीची दहा मिनिटे पाहिली होती, दुसऱ्याने केवळ शेवटचे द्वंद्व, आणि तिसऱ्याने काहीच पाहिले नव्हते, तथापि सर्वांत मोठा आवाज त्याचाच होता.

मारामारीच्या स्वस्त चित्रपटांच्या नशिबी हे पूर्वापार आले आहे. शिकलेली माणसे ते न पाहताच नाके मुरडतात आणि पुढच्या बाकांवरील मंडळी शिट्ट्या वाजवून मोकळी होतात. नासरेथासारख्या गावातून काही चांगले निघेल काय, अशी शंका काढणाऱ्या नथनेलाशी फिलिप्पाने वाद घातला नाही. स्वतः येऊन पाहण्यास त्याने त्याला बोलाविले. अभिप्राय देणाऱ्याने हा धडा गिरविण्याजोगा आहे. मात्र पाहणे म्हणजे केवळ डोळे उघडे ठेवणे नव्हे. आपण काय पाहिले हे सांगता येईल इतके लक्ष देणे, याला पाहणे म्हणावे.

या संबंधात आपल्याच एका मराठी माणसाचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ साली अमरावतीस झाला. वडील मुंबईत गिरणीकामगार. स्वतः भगवान यांनीही मजुरी केली, मूकपटांत लहानसहान कामे मिळविली, आणि १९३८ साली 'बहादूर किसान' या चित्रपटाच्या दिग्दर्शनात भाग घेतला. तेथून १९४९ पर्यंत त्यांनी मारामारीचे कमी खर्चाचे अनेक चित्रपट काढले. नटांच्या कपड्यांपासून जेवणापर्यंतची व्यवस्था ते जातीने पाहत. या चित्रांचा खरा आश्रयदाता श्रमजीवी वर्ग होता. दिवसभर सांच्यापाशी उभा राहिलेला कामगार चार पैसे टाकून आत जाई, आणि एक भोळाभाबडा गडी शेवटी दांडग्यांना लोळवितो हे पाहून हलक्या मनाने घरी परते.

सोलापूरकरांस हे समजावून सांगावयास नको. जुनी मिल, विष्णू मिल, लक्ष्मी मिल, नरसिंगगिरजी मिल ही नावे ज्या नगरीत घरोघर ठाऊक होती, ती ही नगरी. शिवाय येथे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू नांदतात. लांबलचक संवादांचा बोलपट यांपैकी कोणास कळे, कोणास न कळे. परंतु ठोशाला दुभाषा लागत नाही. चीनमधल्या कुंग-फूचे चित्र आपल्याकडील पोरासोरांस कळते, त्याचे कारणही हेच आहे.

म्हणून असल्या चित्रांत दोष नव्हते असे मुळीच नाही, आणि ते झाकणे हाही अप्रामाणिकपणाच होय. १९४२ साली 'जंग-ए-आजादी' या चित्रपटाच्या चित्रणात भगवान यांनी ललिता पवार यांच्या गालावर मारावयाची थप्पड प्रमाणाबाहेर जोरात बसली. त्या गुणी अभिनेत्रीच्या चेहऱ्यास अर्धांगवायू झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. मारामारी खोटी, पण इजा खरी! पडद्यावरील धाडस पाहून टाळ्या पिटताना त्याची किंमत कोणी दिली, हे विचारणे प्रेक्षकाचे कर्तव्यच आहे. उलटपक्षी, याच भगवान यांनी १९४२ सालच्या 'सुखी जीवन' या चित्रपटाचे संगीत पुणतांब्याच्या एका तरुणावर सोपविले. तो तरुण म्हणजे पुढे नावारूपास आलेले सी. रामचंद्र. या दोघांनीच १९५१ साली 'अलबेला' दिला, आणि ज्यांनी आजवर नाके मुरडली होती तेही त्याच्या तालावर डोलू लागले. हलक्या समजल्या गेलेल्या कारखान्यातच ही जोडी घडली होती. पण ते तेथे जाऊन पाहण्याची तसदी किती सुशिक्षितांनी घेतली होती?

आता मुख्य मुद्दा. भगवान यांच्या त्या आरंभीच्या चित्रांपैकी बहुतेक आज उपलब्ध नाहीत. त्यांच्या मूळ फिती आगीत नष्ट झाल्या. त्या काळची फीत मोठी ज्वालाग्राही असे. सामान्य चित्रांची कथा कशाला, आपल्या देशाचा पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा, त्याचीही प्रत आज शिल्लक नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले. तोवर कितीतरी काळाच्या उदरात गेले होते. जेथे चित्रच उरले नाही, तेथे त्याविषयी बोलणार कोण? ज्याने ते पाहिले तो. अशा वेळी प्रेक्षकाचा अभिप्राय ही मधल्या सुट्टीतील बडबड राहत नाही. ती साक्ष होते. परंतु नाके मुरडणाऱ्यांना लेखणी होती, आणि शिट्टी वाजविणाऱ्याची शिट्टी हवेत विरून गेली. त्यामुळे खटल्यात एकाच बाजूचे साक्षीदार उरले आहेत.

कुंग-फूच्या चित्रांचेही असेच होत आहे. ब्रूस ली १९७३ च्या जुलैत वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी निवर्तला, आणि त्यानंतर 'एंटर द ड्रॅगन' झळकला. त्याच्या मागून ब्रूस ली सारखीच नावे लावलेल्या नटांची स्वस्त चित्रे ढिगाने निघाली. त्यांत बरीचशी टाकाऊ असतील. पण सगळीच एका मापाने मोजणे न्याय्य नव्हे. त्या प्रकारातील '३६ चेंबर ऑफ शाओलिन' हा १९७८ सालचा हाँगकाँगचा चित्रपट पाहा. सूडासाठी विद्या शिकावयास आलेल्या तरुणाला तेथे दोन्ही हात आडवे धरून पाण्याच्या बादल्या वाहाव्या लागतात. हात खाली आला की दंडाशी बांधलेली सुरी बरगडीस टोचते. चित्रपटाचा मोठा भाग असल्या कष्टांनीच व्यापला आहे. ज्याने केवळ शेवटचे द्वंद्व पाहिले, त्याने विजय पाहिला, अभ्यास पाहिलाच नाही. परीक्षेचा निकाल पाहून वर्षभराचा अभ्यास ठाऊक झाला असे मानण्यासारखेच हे!

विद्यार्थिमित्रहो, तेव्हा माझे मागणे इतकेच. एखाद्या चित्रास 'भिकार' अथवा 'अप्रतिम' म्हणण्यापूर्वी, मी अमुक पाहिले, हे एक वाक्य आधी म्हणा. मग तुमचे मत कोणतेही असो, ते ऐकण्याजोगे होईल. आणि आणखी एक काम या सुट्टीत करा. ज्यांनी लहानपणी भगवान यांची मारामारी पाहिली ते आज नव्वदीच्या घरात आहेत. ज्यांनी तरुणपणी कुंग-फूची चित्रे पाहिली ते तुमचे आजोबा-आजी असतील. त्यांच्याजवळ बसा. कोणते चित्र पाहिले, तिकीट किती होते, सोबत कोण होते, हसू कोठे आले, भय कोठे वाटले, हे विचारा आणि वहीत जसेच्या तसे उतरवा. पदरचे काही घालू नका. पालकहो, मुलांनी असे प्रश्न विचारले तर 'तसल्या चित्रांत काय आहे' असे म्हणून त्यांना उठवू नका.

खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा आपण सारे जाणतो. न पाहता दिलेले मत हेही त्याच जातीचे. आणि जी खरी साक्ष आपल्या घरातच, आजोबांच्या खाटेवर, बसलेली आहे, ती वेळीच न घेणे, हा दोषही काही लहान नाही.