नाट्यगृह उभं राहील. तारखा कुणाला मिळतील?

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर कोसळलेलं, खुर्च्या जळून गेलेल्या, दगडी भिंती तेवढ्या उभ्या, आणि त्यांच्यापुढे रडवेले रंगकर्मी. तिथूनच मागणी निघाली: होतं तसंच बांधा.

ही मागणी निव्वळ हळवेपणाची नाही. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपात जाऊन आले. तिथलं पाहून त्यांनी कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबाग मैदान आणि नाटकासाठी पॅलेस थिएटर शेजारी शेजारी उभं केलं. थिएटर १९१५ साली सुरू झालं. पुढे त्याला कोल्हापूरच्याच केशवरावांचं नाव मिळालं. १९०८ साली हुबळीत ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी काढणारा हा नट. जुलै १९२१मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, त्यात बालगंधर्वांच्या भामिनीपुढे केशवराव धैर्यधर होते. तीनच महिन्यांत ते गेले. वय अवघं एकतीस.

अशा वास्तूंसाठी भांडणं कोल्हापूरकरांना नवं नाही. जयप्रभा हा चित्रपट स्टुडिओ वाचवण्यासाठी २०२२ साली कलावंत साखळी उपोषणाला बसले होते. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर पाडण्याचं निघालं तेव्हाही नाटकवालेच आडवे आले. या मंडळींना ‘विकासविरोधी’ म्हणणाऱ्यांनी एकदा विंगेत उभं राहून प्रयोग पाहावा. सामानाचा टेम्पो कुठे लागतो, नेपथ्याची चौकट दारातून आत जाते की नाही, कपडेपटाला जागा किती, शेवटच्या रांगेत कुजबुज पोचते का, हे त्यांना रोज निभवावं लागतं. नकाशा काढणाऱ्याने आधी त्यांना विचारावं.

सरकारने निधी जाहीर केला आहे, तेव्हा इमारत होईल असं आम्ही धरून चालतो. आमची काळजी उद्घाटनानंतरची आहे. वातानुकूलन आलं, गुळगुळीत फरशी आली की भाडं वाढवायला निमित्त मिळतं. मग शनिवार-रविवारच्या तारखा समारंभांना आणि वाद्यवृंदांना जातात, नि राज्य नाट्य स्पर्धेची तालीम करणारी हौशी संस्था एखाद्या शाळेच्या वर्गात बाकं सरकवत बसते. दगडी कमान जशीच्या तशी आणि आतून नाटकवाला बाहेर, असं झालं तर आगीतून वाचलेलं आपणच घालवलं म्हणायचं. म्हणून भाड्याचा दर, हौशी संस्थांच्या राखीव तारखा आणि आग प्रतिबंधक यंत्रणेची दरवर्षीची तपासणी या गोष्टी बांधकामाच्या करारासोबतच लेखी ठरायला हव्यात. फीत कापल्यावर मागाल तर कोण दाद देणार?

एक काम वाचकांच्याही हातात आहे. कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत या रंगमंचावरच्या प्रयोगांचे, बक्षीस समारंभांचे, शाळेच्या स्नेहसंमेलनांचे फोटो असतील. त्यांत मागची चौकट, जिना, गॅलरी, छताची लाकडं दिसत असतील. दिवाळीच्या फराळाच्या गप्पांत ते अल्बम बाहेर काढा, मागे साल लिहा आणि प्रती पुनर्बांधणी करणाऱ्यांपर्यंत पोचवा. मूळ फोटो मात्र कुणालाही देऊ नका.