फॉल्ट नक्की कुठे आहे?

मागच्या वर्षी फोर्थ सेमला मी वर्गात नव्हतो, हे काहींना आठवत असेल. 'त्याला वायडी लागला' अशी बातमी कॅन्टीनमध्ये फिरत होती म्हणे! खरं कारण हॉजकिन्स लिम्फोमा. मानेत गाठ, मग बायोप्सी, मग दर पंधरा दिवसांनी एक अशा केमोच्या बारा सिटिंग्ज. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरमध्ये हा त्यातल्या त्यात चांगला बरा होणारा. आता यावर खूश व्हायचं की काय, कळेना.

चौथ्या सिटिंगनंतर रूम पार्टनर घरी आला. सोबत जॉन ग्रीनची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' ही २०१२ सालची इंग्रजी कादंबरी. पठ्ठ्या इलेक्ट्रिकलचा. 'फॉल्ट' आणि 'स्टार' वाचून त्याला ते स्टार-डेल्टावरचं काहीतरी विनोदी पुस्तक वाटलं! आत काय आहे ते कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

सोळा वर्षांची हेझल, इंडियानापोलिसची. थायरॉइडचा कॅन्सर फुफ्फुसात पसरलेला, नाकात नळी, सोबत ऑक्सिजनचा सिलिंडर. ऑगस्टस सतरा वर्षांचा, हाडाच्या कॅन्सरमध्ये एक पाय गेलेला. दोघं सपोर्ट ग्रुपमध्ये भेटतात. २०२० चा 'दिल बेचारा' यावरूनच काढलेला, त्यामुळे पुढची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. हेझलला जगवणारं औषध मात्र काल्पनिक आहे. लेखकानं तसं पुस्तकात लिहिलंय. (मी नेटवर शोधण्याआधी ते पान वाचायला हवं होतं.)

पुस्तकात खटकण्यासारखंही आहे. ही पोरं जरा जास्तच हुशार बोलतात. पण मला पटलं ते असं, की इथे आजारी माणसाला कुणी जबरदस्तीनं शूर करत नाही. आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "तू फायटर आहेस रे!" अहो, मी कसला लढतोय? मी खुर्चीत बसून हाताला सलाईन लावून घेतोय, आणि ते लाल औषध नुसतं दिसलं तरी मला मळमळतंय. ऑगस्टस शेवटी शेवटी एका रात्री एकटाच पेट्रोल पंपावर सिगारेट आणायला जातो आणि तिथेच गाडीत उलट्या करत, रडत अडकून पडतो. लेखक त्याला झाकत नाही. ते वाचून मला रडू आलं, आणि खरं सांगतो, हलकं वाटलं.

हेझलचं एक आवडतं पुस्तक आहे, तेही काल्पनिक. ते वाक्याच्या मध्येच संपतं. तिला ध्यास एकच, नायिकेच्या आईचं पुढे काय झालं? त्यासाठी ती लेखकाला भेटायला ॲमस्टरडॅमला जाते. खरं तर तिला विचारायचं असतं स्वतःच्या आईबद्दल. आणि शेवटाकडे तिला कळतं, की आई गुपचूप सोशल वर्कचा अभ्यास करतेय. हेझलला किती आनंद होतो!

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. माझी आई घरी शिवणाचे क्लास घ्यायची. माझा रिपोर्ट आला त्या दिवसापासून मशीनवर चादर टाकलेली. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

रात्री म्हटलं, "आई, क्लास परत चालू कर."

"तू आधी बरा हो."

"आणि नाही झालो तर?"

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबांनी मला चांगलं झापलं. पण पुढच्या सोमवारी चादर निघाली, तीन मुलींची एक बॅच सुरू झाली. नवव्या सिटिंगला आईऐवजी बाबा आले, कारण आईला एक ब्लाऊज द्यायचा होता. मी घरी येऊन पडलो तेव्हा शेजारच्या खोलीत मशीनची खडखड चालू होती. कितीतरी दिवसांनी मला दुपारची झोप लागली.

आता दर तीन महिन्यांनी फॉलो-अप असतो. बॅच आठ मुलींची झालीय. ओरल्सच्या वेळी घरी गेलं, की तीच खडखड डोक्यात जाते, हा भाग वेगळा.