बिअर पुण्यात बनते, पण तिचा कडवटपणा परदेशातून येतो. हॉप्सचा नेमका विषय काय आहे?

कसबा पेठेतली तांबट आळी म्हणजे तांब्याचे बंब आणि हंडे घडवणाऱ्यांची जुनी वस्ती. ब्रिटनमध्ये बिअर उकळायची भांडीही तांब्याचीच असायची, म्हणून तिथं त्या भांड्याला आजही 'कॉपर' म्हणतात. असं भांडं पुण्यात घडू शकतं. मग त्यात पडणारे हॉप्स पुण्यात का पिकत नाहीत?

हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं. त्यातल्या अल्फा अ‍ॅसिडमुळं बिअर कडवट होते आणि लवकर खराब होत नाही. वास येतो तो फुलांतल्या तेलांमुळं.

प्रत्येक जातीचा स्वभाव वेगळा आहे. झेक देशातल्या 'साझ'मध्ये अल्फा अ‍ॅसिड ३ ते ४ टक्केच, पण वास सौम्य, म्हणून ती लागरसाठी वापरतात. अमेरिकेच्या 'कॅस्केड'मध्ये ते ५ ते ७ टक्के असतं आणि वास चकोतऱ्यासारखा येतो. 'सिट्रा'मध्ये ११ ते १३ टक्के, वास आंब्याच्या जवळ जाणारा. जर्मनीची 'मॅग्नम' १२ ते १४ टक्क्यांची, तिचं मुख्य काम कडवटपणा देणं. म्हणजे साझ जितकी लागते, त्याच्या साधारण पाव भाग मॅग्नम पुरते.

या वेलीला उन्हाळ्यात लांबलचक दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडी लागते. पुण्यात सगळ्यात मोठा दिवसही साधारण १३ तासांचाच. त्यामुळं २००९ मध्ये 'डूलाली' आली आणि पुण्यात क्राफ्ट बिअर रुजली, तरी हॉप्ससाठी परदेशाकडंच बघावं लागतं.

आता तिकडंही अडचण आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, हवामान बदलामुळं २०५० पर्यंत युरोपातल्या पारंपरिक हॉप्सचं उत्पादन ४ ते १८ टक्के आणि अल्फा अ‍ॅसिड २० ते ३१ टक्के घटू शकतं. अल्फा अ‍ॅसिड पाव हिश्श्यानं कमी झालं, तर तेवढ्याच कडवटपणासाठी एक तृतीयांश जास्त हॉप्स टाकावे लागतील. म्हणजे पीक कमी आणि गरज जास्त. साहजिकच खर्च वाढणार.

भारतात पर्याय होता. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात १९७०च्या दशकापासून हॉप्स घेतले जायचे. पण बाहेरून माल येत राहिला, भाव परवडेना आणि शेतकरी वाटाणा, फुलकोबीकडं वळले.

त्यामुळं युरोपात एखादा उन्हाळा कोरडा गेला, तर त्याचा हिशेब पुण्यातल्या ग्लासापर्यंत येऊ शकतो.