मंडळीचें उघडें दार

आपला महाराष्ट्र अतिथीला देव मानणारा आहे. दारीं आलेल्या मनुष्यास पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा दिल्याखेरीज त्याच्या येण्याचें कारण विचारूं नये, ही शिकवण आपणांपैकीं बहुतेकांस आजीच्या तोंडून मिळालेली असते. मग ती आजी कोणत्याही धर्माची असो. अशा मुलखांत ख्रिस्ती आतिथ्य म्हणून कांहीं निराळें सांगावयाचें उरतें काय, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याच्या मनांत येणें साहजिक आहे. माझें उत्तर असें कीं, उरतें. परंतु तें सांगण्याचा अधिकार उपदेशानें मिळत नाहीं, आचरणानें मिळतो. आपल्या गांवोगांवच्या मंडळ्या या कसोटीस कितपत उतरतात, याचा विचार शाळेच्या वार्षिकांतच व्हावा हें योग्य आहे. कारण येथें ख्रिस्ती आणि ख्रिस्तेतर अशा दोन्ही घरांतले वाचक एकाच पानावर एकत्र येतात.

शुभवर्तमानें वाचतांना एक गोष्ट सहज ध्यानांत येते. प्रभु येशूला डोकें टेकावयास स्वतःची जागा नव्हती. म्हणून तो यजमान म्हणून क्वचित् आणि पाहुणा म्हणून वारंवार आपल्या दृष्टीस पडतो. जक्कयाच्या घरीं तो उतरला, मार्था व मरिया यांच्या घरीं त्याचा पाहुणचार झाला, आणि जकातदारांच्या पंक्तीस बसल्याबद्दल त्याला लोकांनीं नांवेंही ठेविलीं. सत्तर शिष्यांस त्यानें गांवोगांव पाठविलें, तेव्हां पैशांची पिशवी किंवा झोळी त्यांजबरोबर दिली नाहीं; जें घर आसरा देईल तेथेंच राहावें, आणि जें पानांत पडेल तें खावें, अशी त्याची आज्ञा होती. यांतला अर्थ खोल आहे. सुवार्तेचा दूत प्रथम दुसऱ्याच्या अन्नाचा ऋणी होतो, आणि मग बोलूं लागतो. ज्याला घेणें ठाऊक नाहीं, त्याच्या देण्यांत अहंकार शिरावयास वेळ लागत नाहीं.

आपल्या भागाचा इतिहासही हेंच सांगतो. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस उतरले, तेव्हां त्यांना या देशाची भाषाही येत नव्हती. ज्या लोकांस शिकवावयाचें, त्यांच्याच पायाशीं बसून त्यांना आधीं शिकावें लागलें. पुढें १८२६ सालच्या मार्च महिन्यांत हॉल नाशिकच्या बाजूस फिरतीवर गेले असतां तेथें पटकीची सांथ चालू होती. जवळचीं बहुतेक औषधें त्यांनीं रोग्यांस वांटून टाकिलीं, आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगानें त्यांना गांठलें. एका खेड्यांतील देवळाच्या ओसरीवर त्यांनीं प्राण सोडला. उपदेश करावयास आलेल्या मनुष्यास शेवटचा आसरा देवळाच्या छपरानें दिला, ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनीं कधीं विसरूं नये. या भूमीत आपण केवळ यजमान नाहीं; आपण पाहुणेही आहों.

आतां आपल्या मंडळ्यांकडे पाहूं. आपण आतिथ्य करीत नाहीं, असें कोणी म्हणणार नाहीं. नाताळांत करंज्या, लाडू व चकल्या यांचीं ताटें भरून शेजारीं पाठविण्याची चाल घरोघर आहे, आणि ती फार गोड आहे. परंतु हीं ताटें जातात कोठें, याचा हिशेब एकदां मनाशीं करून पाहावा. दिवाळींत ज्यांच्या घरून आपणांकडे ताट आलें, त्यांच्याकडेच बहुधा आपलें ताट जातें. हा शेजारधर्म झाला. तो अवश्य पाळावा. पण प्रभूनें मेजवानीसंबंधानें शिकवितांना जे पाहुणे सांगितले, ते परतफेड करूं न शकणारे होते: दरिद्री, लंगडे, आंधळे. परतफेडीची आशा सुटली म्हणजेच आतिथ्यास आरंभ होतो. नगर जिल्ह्यांत, आणि साखर कारखाने असलेल्या इतर भागांत, दरवर्षीं हंगाम सुरू झाला कीं ऊसतोडीस आलेल्या कुटुंबांच्या कोप्या गांवाबाहेर उभ्या राहतात. त्यांचीं मुलें फडांत हिंडतात. त्यांच्यांत अनेक धर्मांचीं व जातींचीं माणसें असतात. नाताळचें एक ताट त्या कोप्यांकडे जातें काय? त्यांच्या मुलांना आपल्या रविवारच्या शाळेंत, किंवा नुसतें आपल्या अंगणांत, खेळावयास कोणी बोलावितें काय? ज्या मंडळींत याचें उत्तर होकारार्थी येतें, तिला सुवार्ताकार्याची निराळी सभा भरविण्याचें कारण नाहीं.

येथें एका नाजूक गोष्टीस स्पर्श करणें भाग आहे. ख्रिस्ती लोक जेवूं घालतात, औषध देतात, शाळा काढतात, तें सारें धर्मांतराच्या हेतूनें, असा आक्षेप जुना आहे आणि तो आजही ऐकूं येतो. आक्षेप घेणारांवर रागावून उपयोग नाहीं. आपण स्वतःस विचारावें कीं, आपल्या ताटाखालीं किंमतीची चिठ्ठी लपविलेली आहे काय? असेल, तर तें आतिथ्य नव्हे, आमिष होय. आणि आमिषानें आलेला मनुष्य ख्रिस्ताकडे येत नाहीं, ताटाकडे येतो. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, दिलेली भाकरी स्वतःच पूर्ण असली पाहिजे. खाणाऱ्यानें पुढें कोणती उपासना करावी, याचा त्या भाकरीशीं कांहीं संबंध नसावा. यजमानाच्या विश्वासाविषयीं पाहुण्यानें आपण होऊन विचारिलें, तर मोकळ्या मनानें सांगावें. न विचारिलें, तर त्याला प्रेमानें निरोप द्यावा आणि पुन्हा बोलवावें.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत या प्रश्नाची खरी परीक्षा पाहावयास मिळते. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढिलें व पुढच्याच वर्षीं तें पुण्यास नेलें. ज्या बालविधवांना स्वतःच्या घरांतही सन्मानाची जागा नव्हती, त्यांच्यासाठीं हें घर होतें. बाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या. तथापि आश्रयास आलेल्या मुलींना आपल्या जातीचे खाण्यापिण्याचे निर्बंध पाळण्याची तेथें मोकळीक होती. बाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, आणि त्या खोलीचें दार बंद नसे. कांहीं मुली आपखुशीनें तेथें जाऊन बसूं लागल्या. त्यावरून पुण्यांत मोठा वाद माजला आणि १८९३ सालीं पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. पालकांची भीति आपण तुच्छ मानूं नये. पोटच्या मुलीविषयींची काळजी ती. पण बाईंचा मार्गही समजून घ्यावा. त्यांनीं सक्ति केली नाहीं, आणि आपला विश्वास लपविलाही नाहीं. यजमानानें पाहुण्यासाठीं आपलें अंतःकरण खोटें करूं नये, आणि पाहुण्यावर तें लादूंही नये. या दोहोंमधली वाट अरुंद आहे, परंतु आतिथ्याची खरी वाट तीच. त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळांत याच बाई मध्यप्रांतांत गेल्या आणि उपासमारीनें व दुराचारी लोकांच्या हातीं सांपडून ज्यांचा नाश झाला असता, अशा शेंकडों स्त्रिया व मुली त्यांनीं आपल्या आश्रयास आणिल्या. केडगांवचें मुक्ति सदन त्या उघड्या दारांतून वाढलें.

दुसरें उदाहरण घरगुती आहे, म्हणून मला तें अधिक उपयोगाचें वाटतें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळीं ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. कांहीं वर्षांच्या वियोगानंतर त्या पतीजवळ राहावयास आल्या, तेव्हां आपलें सोंवळें व आपली निराळी चूल घेऊनच आल्या. ती चूल कोणी विझविली नाहीं. ती निराळीच ठेवण्याचा आग्रह त्यांनीं स्वतःच्या विचारानें सोडला, आणि पुढें १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रें’ हें त्यांचें पुस्तक आपणांपैकीं अनेकांनीं वाचलें असेल. न वाचलेल्यांनीं तें अवश्य मिळवावें. एका घरांत दोन चुली पेटत असतांही प्रेम टिकूं शकतें, आणि घाई न करणारें प्रेमच शेवटीं मन जिंकतें, हा धडा मला त्यांत दिसतो. आज आपल्या घरीं शाकाहारी मित्र जेवावयास आला, तर त्याच्यासाठीं निराळें भांडें घांसून ठेवणें, त्याला संकोच होईल असा पदार्थ त्या दिवशीं न करणें, हें लहान काम नव्हे. दुसऱ्याच्या मनाला जपणें हा पाहुणचाराचा पहिला पदार्थ होय.

आतां घरांतल्या घरांतली एक गोष्ट. बाहेरच्यास बोलाविण्याआधीं आपली स्वतःची पंगत सरळ आहे कीं नाहीं, तें पाहिलें पाहिजे. प्रभुभोजनाच्या वेळीं आपण एकाच भाकरीचे वांटेकरी होतों. मग उपासना संपून बाहेर आल्यावर कोण कोणाच्या घरीं चहास जातो, कोणाचें लग्न कोणाच्या घरीं ठरतें, आणि कोण नेहमीं मागच्या बांकावर बसतो? जातीच्या जुन्या रेषा बाप्तिस्म्याच्या पाण्यानें पुसल्या गेल्या असें आपण म्हणतों. परंतु कित्येक ठिकाणीं त्या नुसत्या फिक्या झाल्या आहेत. प्रेषित पौलानें पेत्रासारख्या थोर शिष्यास अंत्युखियांत सर्वांसमक्ष बोल लाविला, तो याच कारणानें: विदेशी बंधूंच्या पंक्तीस बसतां बसतां तो भिऊन मागें सरला होता. पंगतीचा प्रश्न पौलानें किरकोळ मानिला नाहीं, शुभवर्तमानाचा प्रश्न मानिला. आपणही तसाच मानावा.

याला दोन अडचणी सांगण्यांत येतात. पहिली ही कीं, आमची मंडळी गरीब आहे, पाहुणचाराचा खर्च कोठून करावा? सारफथच्या विधवेजवळ मूठभर पीठ व थोडें तेल होतें. तेवढ्यांतून तिनें परक्या एलीयास भाकरी करून दिली. आपल्याकडे पिठलें-भाकरीनें जो पाहुणा तृप्त झाला, तो मेजवानीनें झाला नाहीं, असें अनेकदां दिसतें. मोठा स्वयंपाक करण्याची हौस पुष्कळदां पाहुण्यासाठीं नसते, आपल्या नांवासाठीं असते.

दुसरी अडचण मात्र खरी आहे, आणि ती बहुधा कोणी बोलून दाखवीत नाहीं. पाहुण्यास बोलावितो पुरुष, आणि चुलीपुढें बसते स्त्री. रविवारीं उपासनेनंतर चार माणसांस घरीं घेऊन येणाऱ्या गृहस्थाची मंडळींत वाहवा होते. त्याच्या पत्नीनें ती उपासना स्वयंपाकाच्या काळजींत कशीबशी ऐकलेली असते. मार्थेची तक्रार आपण नेहमीं मार्थेचा दोष म्हणून सांगतों. पण घरांतलीं बाकीचीं माणसें हात हालवितीं, तर ती तक्रार उरली असती काय? म्हणून माझ्या विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस एक काम सांगतों. पाहुणा आला म्हणजे पाणी तुम्ही भरा, पानें तुम्ही मांडा, आणि जेवणानंतर भांडीं घांसावयास तुम्ही बसा. मुलग्यांस हें विशेषेंकरून सांगणें आहे. प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले. त्याच्या नांवानें चालणाऱ्या शाळेंतल्या मुलास खरकटें ताट उचलण्यांत कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं.

शाळेंतही हीच संधि रोज येते. नवीन दाखल झालेला मुलगा मधल्या सुटींत भिंतीशीं एकटा उभा असतो. खेड्यांतून वसतिगृहांत आलेल्या मुलीच्या बोलण्याचा हेल निराळा असतो, म्हणून तिला हसणारे पुष्कळ भेटतात. अशा वेळीं आपला डबा त्याच्यापुढें, तिच्यापुढें उघडणें, हें बारा-तेरा वर्षांच्या मुलास साधण्याजोगें मिशन आहे. त्यासाठीं पाळकांची परवानगी लागत नाहीं, वर्गणी लागत नाहीं आणि अहवालही छापावा लागत नाहीं.

पालकांसही एक विनंति आहे. आपण ख्रिस्ती असाल, तर या वर्षीं आपल्या पंक्तीस निदान एक असें माणूस बसवा, कीं ज्याच्याकडून परत बोलावणें येण्याची आशा नाहीं. आपण अन्य धर्माचे असाल, तर आम्हांस पाहुणे म्हणून बोलवा, आणि आमच्या वागण्यांत व आमच्या बोलण्यांत अंतर दिसलें, तर तें शेजाऱ्याच्या हक्कानें सांगा. इम्माऊसच्या वाटेवरील दोघां शिष्यांनीं अनोळखी वाटसरूस आग्रहानें घरांत घेतलें, आणि त्यानें भाकर मोडतांच त्यांचे डोळे उघडले. त्यांनीं दार लावून घेतलें असतें, तर ते दोघे त्या रात्रीं उदासच निजले असते. आपल्या मंडळ्यांचीं, आपल्या घरांचीं व आपल्या शाळेचीं दारें अशा वेळीं उघडीं असोत, इतकीच प्रभुचरणीं नम्र प्रार्थना आहे.